माडीवरची पावले

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. तिथले आमचे घर साधे, पण त्याला एक माडी होती. माडीवर आम्ही भावंडे लपंडाव खेळत असू, धान्याची पोती आपटली जात, आणि खाली ओसरीशेजारच्या खोलीत आजोबा दुपारचे स्वस्थ झोपत. पुढे नोकरीनिमित्त मी शहरात आलो. एका सिमेंटच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जागा घेतली आणि वडील गेल्यानंतर आईलाही तिथे आणले. ती आली ती आपला लोखंडी खलबत्ता आणि हातातली काठी घेऊन. आजच्या भाषणाचा विषय या दोन वस्तूंपासून सुरू होतो.

आई येऊन आठ दिवस झाले नसतील, तोच खालच्या मजल्यावरचे काका एका संध्याकाळी वर आले. मोठे सज्जन गृहस्थ. दारातच उभे राहून म्हणाले, “सर, राग मानू नका. घरात हिचं ऑपरेशन झालेलं आहे. रात्री आजींची काठी वाजते आणि तिची झोप मोडते ती मोडतेच. शिवाय सकाळी ते कुटणं…” पुढे ते बोलले नाहीत. मलाच ओशाळल्यासारखे झाले. मी आईला सांगितले. तिने खलबत्ता फडताळात ठेवून दिला. मला वाटले, प्रश्न मिटला. पण पुढे पंधरा दिवसांनी लक्षात आले की आई रात्री उठेनाशी झाली आहे. काठी वाजेल म्हणून ती पहाटेपर्यंत कळ काढून पडून राहत असे. ऐंशीच्या घरातले माणूस. मी रागावलो, तेव्हा ती म्हणाली, “आरं, आपल्या माडीवर तुमी पोरं घोड्यावानी नाचायचा, खाली म्हातारं घोरत पडायचं. ती तर मातीची जमीन. हितं समदं दगडावानी घट्ट, आन् काठी टेकली तरी खाली ऐकू जातंय. ह्ये कसं?”

श्रोतेहो, मी इतिहासाचा अध्यापक. राजांच्या सनावळ्या मला पाठ आहेत. पण या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधू लागलो तेव्हा कळले की आईचा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्याचे नीट उत्तर मिळून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर आवाज जातो तो दोन प्रकारांनी. पहिला हवेतून. कोणी बोलले, रडले, रेडिओ लावला, की हवा थरथरते. ती थरथर तक्तपोशीला किंवा भिंतीला ढकलते आणि पलीकडची हवा हलवते. दुसरा प्रकार ठोक्याचा. पाऊल पडले, पाट सरकवला, भांडे पडले, की जमीनच थेट हादरते, आणि तो हादरा तुळईतून, खांबातून, भिंतीतून वाट काढीत जातो. पहिल्या आवाजाला वजनदार आडोसा लागतो. दुसऱ्याला मऊ उशी लागते, किंवा त्याची वाट मध्येच तोडावी लागते. या दोन आवाजांतला फरक न ओळखल्यामुळेच माणसाने आजवर बरेच पैसे आणि बरीच शेजारधर्माची माया वाया घालवली आहे.

शिक्षक मित्रांना हा फरक वर्गात दाखवता येईल. एका मुलाला टेबलाला कान लावून बसवा. टेबलाच्या दुसऱ्या टोकाशी अगदी हळू बोला. त्याला फारसे कळणार नाही. आता त्याच टोकावर नाण्याने हलकेच टकटक करा. ती त्याच्या कानात मोठ्याने वाजेल. मग नाण्याखाली रुमालाची चौपदरी घडी ठेवा आणि पुन्हा तितक्याच जोराने टकटक करा. आवाज जवळजवळ नाहीसा होईल. टेबल तेच, नाणे तेच, हात तोच. आजच्या भाषणाचे निम्मे सार या प्रयोगात आहे.

आता आपल्या जुन्या घराकडे वळू. देशावरच्या जुन्या घरातली माडीची जमीन कशी केलेली असे? भिंतीवर आणि खांबांवर तुळया टाकीत. तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट, म्हणजे कडीपाट. किंवा साध्या घरात आडव्या लाकडांची किलचण. तिच्या फटी बुजाव्यात म्हणून वर पाला किंवा काटक्या. त्यावर मातीचा जाड थर, पाणी शिंपून आणि धोपटून बसवलेला. आणि सर्वांत वर शेणाचे सारवण. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे घराचे छप्परही याच रीतीचे, त्याला आपण माळवद किंवा धाबे म्हणतो.

हा थर नीट पाहा. दाबून बसवलेली माती एक घनमीटर घेतली तर तिचे वजन दीड टनाच्या वर भरते. म्हणजे अर्ध्या फुटाचा थर असेल तर दर चौरस मीटरला सव्वादोनशे किलोंहून अधिक वजन झाले. बोलण्याचा आवाज एवढे वजन सहजासहजी हलवू शकत नाही. शिवाय मातीचे कण एकमेकांना सिमेंटसारखे जखडलेले नसतात. हादरा आला की ते एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यात हादऱ्याचा जोर जिरतो. वर सारवण, त्यावर घोंगडे किंवा सतरंजी, आणि चालणारे पाय अनवाणी. वजन, जिरवण आणि उशी ही तिन्ही औषधे एकाच जमिनीत आली. आमचे आजोबा का झोपू शकत, ते आता कळते.

पण इथे थोडे थांबले पाहिजे. आपल्या पूर्वजांनी हे सारे आवाजासाठी केले, असे मी म्हणणार नाही. माती गावात फुकट मिळे, ती उन्हाळ्यात घर थंड ठेवी, आणि सारवून स्वच्छ करता येई, म्हणून ती घातली. शांतता ही वरकड मिळालेली गोष्ट. दुसरे असे की जुन्या घरात जड ठोक्याची कामे माडीवर होतच नसत. जाते तळघडीला, उखळ जमिनीत पुरलेले, गोठा खाली. आवाज थांबवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे तो योग्य जागी करणे, आणि ती व्यवस्था त्या घरात होती. आणि माडीवरचे कोणी रात्री चालले तरी खाली झोपलेला आपल्याच घरचा असे. पाऊल ओळखीचे असले की झोप मोडत नाही.

ओळखीचे नसलेले पाऊल डोक्यावर प्रथम कुठे वाजू लागले? जिथे अनोळखी माणसे एकावर एक राहू लागली तिथे. प्राचीन रोम हे असे शहर होते. तिथे ‘इन्सुला’ नावाच्या भाड्याच्या अनेकमजली इमारती होत्या. त्या इतक्या उंच होऊ लागल्या की ऑगस्टस बादशहाला उंचीवर ७० रोमन फुटांची, म्हणजे सुमारे २० मीटरांची, मर्यादा घालावी लागली. पुढे ट्राजन बादशहाने ती ६० फुटांवर आणली. त्यातच जूलिअस सीझरच्या काळात, इ. स. पूर्व ४५ च्या सुमारास, गर्दीमुळे दिवसा गाड्यांना शहरात बंदी झाली. मग गाड्या रात्री खडखडू लागल्या. जुव्हेनाल नावाच्या रोमन कवीने आपल्या उपहासकाव्यात म्हटले आहे की या शहरात झोप मिळते ती फक्त श्रीमंताला, आणि इथले आजारी लोक मरतात ते जागरणाने. आमच्या खालच्या काकांना हा कवी आपला वाटला असता.

पण मला त्याच्याहून जवळचा वाटतो तो सेनेका. हा मोठा तत्त्वज्ञ, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. आपल्या ल्युसिलिअस नावाच्या मित्राला त्याने लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. त्यांतल्या ५६व्या पत्रात तो सांगतो की मी एका सार्वजनिक स्नानगृहाच्या वर राहतो आहे. मग खालून काय काय ऐकू येते याची तो यादीच देतो. व्यायाम करणारे शिशाची वजने उचलताना कण्हतात. मालिश करणाऱ्याचा हात पाठीवर पडतो, तो पसरट पडला की खोलगट हेही आवाजावरून कळते. कोणी चेंडूचे फटके मोजतो, कोणी पाण्यात धाडकन उडी घेतो. बगलेतले केस उपटून देणारा आरोळी देत फिरतो, आणि तो गप्प होतो तेव्हा त्याचे गिऱ्हाईक ओरडत असते. वर खाद्यपदार्थ विकणारे फेरीवाले. हे सर्व सांगून सेनेका म्हणतो, मनात शांतता असेल तर बाहेरच्या गोंगाटाने काही बिघडत नाही. मनातच वादळ असेल तर नीरव रात्रही उपयोगाची नाही. फार उत्तम उपदेश. पण पत्राच्या शेवटी तो हळूच कबूल करतो की मला केवळ स्वतःची परीक्षा पाहायची होती, आता मी इथून निघतो!

सेनेकाला मी हसत नाही. ज्याला जागा बदलता येते तो बदलतो. ज्याला येत नाही त्याला आपण सहनशीलतेचा उपदेश करतो. मजल्यांमधल्या आवाजाच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडलेले दिसते.

रोमन लोकांना जमीन करता येत नव्हती असे नाही. व्हिट्रूव्हिअस नावाच्या वास्तुकाराने इ. स. पूर्व पहिल्या शतकात स्थापत्यावर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या सातव्या भागात वरच्या मजल्याची जमीन कशी करावी ते सांगितले आहे. तुळयांवर फळ्या ठोकाव्यात. त्यांवर नेच्याचा पाला पसरावा, तो नसेल तर गवताचा पेंढा. त्यावर दगडांचा थर, मग चुना आणि खडीचा थर घालून तो माणसे लावून धुमसाने चोपावा. चोपून झाल्यावर त्याची जाडी पाऊण फुटाहून कमी नसावी. श्रोतेहो, फळी, पाला आणि वर चोपलेला जड थर ही आपल्या माळवदाचीच चुलत बहीण नव्हे काय? पाला कशासाठी, याचेही कारण व्हिट्रूव्हिअस देतो. चुन्याने लाकूड खराब होऊ नये म्हणून. इथेही हेतू आवाजाचा नव्हता.

आवाजासाठी म्हणून जाणूनबुजून जमिनीत भरणा घालण्याची रीत आपल्याला पुढच्या काळातल्या युरोपात स्पष्ट दिसते. स्कॉटलंडमध्ये एडिंबरो आणि ग्लासगो या शहरांत अनेक कुटुंबांच्या उंच इमारती झाल्या. त्यांत लाकडी जमिनीच्या तुळयांमध्ये खालून आणखी फळ्या बसवून त्यांवर राख, वाळू किंवा चुन्याचा गिलावा असा जड भरणा घालीत. इंग्लंडमधले सुतार त्याला ‘पगिंग’ म्हणत. स्कॉटलंडमधले त्याला ‘डेफनिंग’ म्हणत, म्हणजे चक्क ‘बहिरे करणे’. मला हा शब्द फार आवडला. माणसाला बहिरे व्हायला सांगण्यापेक्षा त्यांनी जमिनीलाच बहिरे केले! काही ठिकाणी भरण्यात समुद्रातले शिंपलेही वापरलेले आहेत. जर्मनीत लाकडी काठ्यांना चिखलात भिजवलेला पेंढा गुंडाळून त्या तुळयांमध्ये बसवीत. ते तर आपल्या कुडाच्या घराच्या शेजारी नेऊन ठेवावे असे.

आपल्याकडे हे उलट्या दिशेने घडले. गावातून माणूस मुंबईला गेला तेव्हा त्याच्या पायाखालची माती गेली. मुंबईच्या जुन्या लाकडी चाळींत जमीन बहुधा तुळयांवर ठोकलेल्या फळ्यांची. फळीचे वजन ते किती? दर चौरस मीटरला वीस-पंचवीस किलो. त्यातही फटी. विद्यार्थिदशेत मी गिरगावातल्या अशा एका चाळीत नातेवाइकांकडे राहत होतो. वरच्या बिऱ्हाडात कोणाच्या हातून सुपारी पडली तर ती कुठवर घरंगळत गेली हे आम्हाला खाली कळे. पण चाळीने आपली व्यवस्थाही उभी केली. मिरच्या कुटायच्या त्या खाली अंगणात. कोणी आजारी असले की वरच्या बिऱ्हाडातली मुले गच्चीत पिटाळली जात. जमीन पातळ होती म्हणून नियम जाड करावे लागले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये शहर सुधारणा मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. पुढे १९२० साली सरकारने विकास खाते काढले. त्या खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या, त्याच बीडीडी चाळी. तळमजला आणि वर तीन मजले. या चाळी लाकडाच्या नव्हत्या. त्या लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या होत्या. युरोपात फ्रान्सच्या हेनबीक याने खांब, तुळई आणि तक्तपोशी एकसंध ओतण्याच्या पद्धतीचे पेटंट १८९२ साली घेतले होते. तीस-पस्तीस वर्षांत काँक्रीट आपल्या गिरणी कामगाराच्या डोक्यावर आले. आग लागत नाही, वाळवी लागत नाही, कुजत नाही. फायदे खरेच मोठे होते.

तोटा मात्र डोळ्यांना दिसणारा नव्हता. पाच इंचांची काँक्रीटची लादी घेतली तर तिचे वजन दर चौरस मीटरला सुमारे तीनशे किलो होते. म्हणजे बोलण्याचा आवाज थोपवायला ती आपल्या मातीच्या थराइतकीच, किंबहुना थोडी अधिक, समर्थ. पण ठोक्याच्या बाबतीत तिची गोष्ट वेगळी. काँक्रीट कडक, त्यात जिरवण जवळजवळ नाही. शिवाय लादी, तुळई, खांब आणि भिंत ही सारी एकाच हाडाची. देवळातली घंटा एका जागी वाजवली तरी सगळी घुमते, तसे एका खोलीत पडलेला तांब्या वरखाली आणि बाजूच्या खोल्यांतही ऐकू जातो. त्यावर गुळगुळीत फरशी बसवली की उशीही गेली. आईच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. जमीन घट्ट आहे म्हणूनच काठी वाजते.

हे उत्तर शास्त्राला कसे सापडले, ते थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकात आवाजाविषयी विद्वानांना गणित पुष्कळ येत होते, पण घराविषयी फार थोडे कळत होते. थॉमस कार्लाईल या इंग्रजीतल्या नामवंत लेखकाची हकीगत प्रसिद्ध आहे. लंडनमधल्या आपल्या घरी शेजाऱ्यांच्या पियानोने आणि कोंबड्यांनी तो हैराण झाला. १८५३ साली त्याने घराच्या माथ्यावर नवी खोली बांधून घेतली, दुहेरी भिंतींची, छतातून उजेड घेणारी. खोली तयार झाली आणि त्याला नदीवरच्या आणि आगगाडीच्या दूरच्या शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या. पूर्वी त्या जवळच्या आवाजात बुडालेल्या होत्या. एक वाट बंद केली की दुसरी ऐकू येते, हा धडा त्याने पदरचे पैसे खर्चून जगाला दिला.

१८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकावर एक काम आले. एका नव्या व्याख्यानगृहात बोललेले काही कळत नव्हते. त्याने दुसऱ्या सभागृहातल्या बैठकीच्या उशा आणून, रात्री शहर शांत झाल्यावर, आवाज किती वेळ घुमतो ते मोजले. इथून वास्तूतल्या आवाजाचे मोजमाप सुरू झाले. पुढे १९१५ साली त्याने एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणाऱ्या आवाजावरही लेख लिहिला. त्याच्यासाठी इलिनॉय प्रांतात खास प्रयोगशाळा बांधली गेली; पण जानेवारी १९१९ मध्ये तो वारला आणि काम दुसऱ्यांनी पुढे नेले. १९२० नंतरच्या दशकात ‘डेसिबल’ हे माप आले. तेव्हा कळले की आडोशाचे वजन दुप्पट केले तर आवाज पाच-सहा डेसिबलनेच उतरतो. आवाज कानाला निम्मा वाटायला सुमारे दहा डेसिबल उतरावे लागतात. म्हणजे नुसती जाडी वाढवीत जाणे हा श्रीमंतालाही परवडणारा मार्ग नव्हे.

१९३० नंतरच्या दशकात जर्मनीत ठोक्याचा आवाज मोजण्याचे यंत्र वापरात आले. आज त्याचे जे ठरलेले रूप आहे त्यात पाच हातोड्या असतात, प्रत्येकी अर्धा किलोची. त्या चार सेंटिमीटरांवरून पाळीपाळीने जमिनीवर पडतात, सेकंदाला दहा ठोके. खालच्या खोलीत आवाज मोजायचा. यातून उपाय सापडला तो तरंगत्या जमिनीचा. मूळ लादीवर बूच, रबर किंवा खनिज लोकरीचा मऊ थर पसरायचा. त्यावर दीड-दोन इंचांची दुसरी जमीन ओतायची. आणि ही वरची जमीन चारी बाजूंनी भिंतीला लागू द्यायची नाही. जमीन जणू गादीवर तरंगते. अट एकच. कुठेही एक खिळा किंवा सिमेंटचा एक ओघळ खाली टेकला, तर तेवढ्या पुलावरून आवाज उतरतो आणि सारा खर्च फुकट जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लाखो घरे नव्याने बांधली गेली, तेव्हा ही रीत फार पसरली.

तरी हातोड्यांच्या यंत्राला एक उणेपण होते. ते टाचांच्या बुटांसारखे वाजते. पण ज्या देशात घरात अनवाणी चालतात आणि मुले जमिनीवर उड्या मारतात तिथले काय? हा प्रश्न जपान आणि कोरियाने विचारला. त्यांनी अडीच किलोचा रबरी चेंडू एक मीटरवरून टाकून पाहण्याची पद्धत आणली. अशा दबक्या, जड ठोक्याला गालिचा पुरत नाही. लादीच जाड लागते. दक्षिण कोरियात निवासी इमारतींच्या लादीला २१० मिलिमीटर, म्हणजे सव्वाआठ इंच, जाडीची अट आहे, आणि २०२२ पासून इमारत पुरी झाल्यावर ठोक्याची चाचणी घेण्याचा नियमही झाला. जपानला ही निकड एका भयंकर घटनेने पटवली. १९७४ साली हिरात्सुका येथे सार्वजनिक वसाहतीत खालच्या मजल्यावरच्या पियानोने पिसाळलेल्या माणसाने एका आईला आणि तिच्या दोन मुलींना ठार मारले. पातळ जमिनीची किंमत कधीकधी इतकी होते.

आपल्याकडेही विचार झालेला नाही असे नाही. घरांमधल्या ध्वनिरोधनाविषयीचे भारतीय मानक १९६२ साली निघाले. १९७० च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत या विषयाला जागा मिळाली, आणि १९८३, २००५ व २०१६ च्या आवृत्त्यांत ती टिकली. परंतु ही संहिता मार्गदर्शक आहे. ती आपोआप कायदा होत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. त्यांचा रोख भोंगे, कर्णे आणि फटाके यांवर आहे; आपल्या डोक्यावरची लादी किती जाड असावी हे ते सांगत नाहीत.

मग काय, पुन्हा मातीकडे जावे? इथे मला सप्टेंबर १९९३ ची आठवण करून दिली पाहिजे. ३० तारखेच्या पहाटे, चार वाजायच्या आत, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतली असंख्य झोपेत गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावर वर्षानुवर्षे थर देत देत जाड झालेले माळवद, हे सारे एकदम अंगावर आले. जे वजन आवाज अडवीत होते, त्याच वजनाने जीव घेतला. म्हणून जुने ते सारे सोने, असे म्हणण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. जुन्या घरातून घ्यायचे ते त्यातले तत्त्व: जड, जिरवणारे आणि मऊ असे थर एकावर एक. वजन किती आणि ते कशावर तोलायचे, हे मात्र जाणत्या इंजिनिअराला विचारूनच ठरवायचे. उलट, जुन्या वाड्याची दुरुस्ती करताना “नुसतं ओझं आहे” म्हणून कडीपाटावरचा भरणा काढून टाकतात आणि मग वरच्या मजल्याचा शब्द न् शब्द खाली येतो, तेव्हाही त्या भरण्याचे काम काय होते हे आधी विचारावे.

नवे घर बांधणाऱ्यांनी फरशी बसवण्यापूर्वी हा विचार करावा. नंतर तो दसपट खर्चाचा होतो. आणि ज्यांची घरे बांधून झाली आहेत त्यांनी ठोका जिथे जन्मतो तिथेच त्याला उशी द्यावी. शाळेच्या वरच्या वर्गात बाके सरकतात आणि खाली शिकवणे अशक्य होते. बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घट्ट बांधून पाहा. अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि मुले ते हौसेने करतील.

आमच्या घरी काय झाले ते सांगून आटोपतो. एका रविवारी मी खाली काकांच्या घरी जाऊन बसलो आणि आईला वर पाच घाव घालायला सांगितले. पाचही घाव खणखणीत ऐकू आले. काकूंनी डोळे मिटून घेतले. मग वर जाऊन गोधडीची चौघडी केली, तिच्यावर लाकडी पाट ठेवला, आणि पाटावर खलबत्ता. पाट अशासाठी की नुसत्या गोधडीत खलबत्ता रुततो आणि कलतो. पुन्हा खाली जाऊन बसलो. या वेळी दूर कुठेतरी कोणी उशी थोपटते आहे असा आवाज आला. काका म्हणाले, “सुरू झालं का?” तोवर आईचे पाच घाव होऊन गेले होते. गोधडी म्हणजे खनिज लोकर आणि पाट म्हणजे वरची जमीन. प्रयोगशाळेतल्या तरंगत्या जमिनीची ही गरिबाघरची प्रत. काठीच्या टोकाला औषधाच्या दुकानात मिळणारे रबरी बूट बसवले. ते तीस-चाळीस रुपयांचे काम, आणि त्यापायी एक म्हातारे माणूस महिनाभर रात्री कळ काढीत होते.

काकू आता बऱ्या झाल्या आहेत. मधे आई आठ दिवस गावी गेली होती. तिसऱ्याच दिवशी काका जिन्यात भेटले आणि म्हणाले, “सर, आजींची तब्येत बरी आहे ना? दोन दिवस वरून काहीच हालचाल नाही.” म्हणजे थोडे ऐकू जातच होते. पण आता ते पाऊल ओळखीचे झाले होते.